टिमली : मांडवातून मेमरी कार्डापर्यंत

वैशाखात तळोद्याच्या आसपास एखाद्या पाड्यावर लग्न असलं, की रात्री शिवारापलीकडूनही टिमली ऐकू येते. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, दक्षिणेला तापी आणि हाकेच्या अंतरावर गुजरातची हद्द, असा हा मुलूख. टिमली ती हद्द जुमानत नाही. नंदुरबारपासून दाहोद-झाबुआपर्यंत साऱ्या भिल्ल पट्ट्यात ती वाजते. बाया-पुरुष हात गुंफून रांग धरतात, रांग वळत जाते, चाल फिरून फिरून त्याच जागी येते. गाण्याला ठरलेला शेवट नाही. थकलेले बाहेर पडतात, ताजे आत शिरतात, वाजवणारे वाजवत राहतात.

अशा चालीच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास शोधायचा तर आधी कागदच हाती लागतो. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातला भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली निघाला. स्टेन कोनो यांनी तो सिद्ध केला. खानदेशातल्या मावची, पावरी, देहवाली या बोली त्यात नोंदल्या आहेत. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत सांगून घ्यायची, ही सर्वेक्षणाची नेहमीची रीत. तिच्यामुळे क्रियापदं जपली गेली, आणि त्याबद्दल या सर्वेक्षणाचे आभारच मानायला हवेत. चाल मात्र त्या अक्षरांत उतरणं शक्य नव्हतं.

यंत्र तोवर देशात आलं होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच ती आपलं नाव इंग्रजीत पुकारते. मेणावरचं मूळ मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात असे आणि कुठला आवाज कुणाचा, हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्याल गाणाऱ्यांनी तेवढ्यात राग बसवून दाखवला. टिमलीची मात्र तीन मिनिटांत रांगसुद्धा नीट जुळत नाही.

माझ्या मते अडचण नुसत्या वेळेची नव्हती. तबकडी त्याच्यासाठी निघे, ज्याच्या घरी ग्रामोफोन असे. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांनी ‘आप’ पंथाची चळवळ उभी केली आणि हजारो आदिवासी आरती-भजनाला जमू लागले. तोवर बालगंधर्वांच्या तबकड्या महाराष्ट्रभर पोहोचल्या होत्या. मोरवडच्या त्या गाणाऱ्यांत विकत घेणारा ग्राहक कुठल्या कंपनीला दिसणार होता?

हे गणित कॅसेटने बदललं. १९८०नंतर कोरी कॅसेट आणि नक्कल करायचं यंत्र लहान गावांतही परवडू लागलं, आणि बोलीतल्या गाण्यांचा धंदा गावच्या माणसाला करता आला. तोवर मांडवही बदलला होता. सनई-ढोलाच्या जागी ब्रास बॅण्ड आला, मग बॅन्जो, कॅसिओ, ऑक्टोपॅड. जुनी टिमली यात मेली, असं हळहळून सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. कीबोर्डवाल्याचे हात पाहावेत. उजवा हात सनईच्या सुरात चाल वाजवतो आणि डाव्या हाताचं बोट बाजूच्या चाकावर असतं. ते चाक किंचित मागेपुढे करून तो सूर घसरवतो. सनईवाला जे ओठांनी आणि श्वासाने करत असे, ते हा बोटाने करतो. सपाट सुरांचं यंत्र त्याने आपल्या कानाप्रमाणे वळवून घेतलं आहे.

मग मोबाइल आले आणि बाजारात ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. कार्ड द्यायचं, फोल्डर निवडायचा, पैसे मोजायचे. इथे तीन मिनिटांची जुनी अट गळून पडली. ‘नॉनस्टॉप टिमली’ नावाच्या फायली अर्धा-अर्धा तास चालतात, कारण ऐकणाऱ्याला नाचायचं असतं. रात्रभराच्या चालीला तिच्या लांबीजवळ जाणारं माध्यम इतक्या वर्षांनी मिळालं.

पण कॅसेटला निदान कव्हर असे, त्यावर कुणाचं तरी नाव असे. फाइल या कार्डातून त्या कार्डात जाताना नाव गळतं. बॅण्डवाल्यांनी त्यावर तोड काढली. चाल रंगात आली की मध्येच आवाज येतो: अमुक बॅण्ड, अमुक गाव. कितीही नकला निघोत, नाव सुरातच मिसळलेलं राहतं. गौहर जानने हॅनोव्हरच्या कामगारांसाठी जे केलं, तेच हे वाजवणारे अनोळखी कार्डांसाठी करत आहेत.

नाव-गाव टिकलं तर काय हाती लागतं, हे जात्यावरच्या ओव्यांनी दाखवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीच्या नावागावासह. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. २०१७पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह त्या लोकांसमोर आणतो आहे, म्हणून मुळशीच्या बाईची ओवी आज तिच्याच नावाने ऐकता येते.

टिमलीसाठी असं काम आत्ता तळोदा, अक्कलकुवा, धडगावात सुरू करता येईल. घरोघरी ड्रॉवरमध्ये पडलेली जुनी कार्डं वाचता येताहेत तोवर उतरवून घ्यायची. मधले पुकारे ऐकून बॅण्ड आणि गाव लिहायचं. त्या गावी जाऊन विचारायचं, की कीबोर्डवर कोण होतं, गायलं कुणी, आणि ही चाल त्यांच्या आधी सनईवर कोण वाजवायचं. सनईवाला हयात असेल, तर एका लग्नाची अख्खी रात्र, न कापता, त्याच्यासमोर यंत्र ठेवायचं.