वॅट, किलोवॅट आणि आपले वीजबिल

विजेचे बिल हाती पडले की आपल्या घरांतून आधी रक्कम पाहिली जाते, मग शेवटची तारीख. बाकीचा कागद न वाचताच घडी करून ठेवला जातो. त्याच कागदावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. आमच्या वस्तीतल्या जुन्या जोडण्यांवर तिथे ०.३० किंवा ०.५० किलोवॅट असा आकडा दिसतो. घरात नवी वस्तू आणली की एवढा भार पुरेल का, हे पाहावे लागते. पुरत नसेल तर वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो.

अडचण अशी की बिलावर किलोवॅट आणि वस्तूच्या पट्टीवर वॅट. आता एक किलोवॅट म्हणजे १,००० वॅट. वॅटचे किलोवॅट करायचे तर हजाराने भागायचे, म्हणजेच दशांश चिन्ह तीन घरे डावीकडे न्यायचे. चार एलईडी दिवे ३६ वॅट, दोन साधे पंखे १५०, टीव्ही ६०, फ्रीज १५०. बेरीज झाली ३९६ वॅट, म्हणजे ०.३९६ किलोवॅट. अर्ध्या किलोवॅटात हे घर बसते. पण त्याच वेळी १,००० वॅटची इस्त्री लावली की आकडा १.३९६ होतो. भगिनींनी एका शून्याकडे विशेष लक्ष द्यावे. ७५ वॅटचा पंखा ०.०७५ किलोवॅट असतो, ०.७५ लिहिले की एका पंख्याचे दहा पंखे झाले! अर्ज भरताना हे आम्ही पुष्कळदा पाहतो.

दुसरा घोळ याहून मोठा. किलोवॅट ही वीज खेचण्याची ताकद. बिलातले 'युनिट' हा खर्च झालेल्या विजेचा हिशेब. एक किलोवॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडते. १,५०० वॅटची पाणी तापवायची कांडी चाळीस मिनिटांत एक युनिट खाते. तेच युनिट ९ वॅटच्या दिव्याला १११ तास पुरते. १०० युनिटांच्या पुढे दर वाढतो, म्हणून दिवा विझवण्यासाठी मुलांवर ओरडण्यापेक्षा कांडीकडे पाहिलेले बरे.

बचत गटाच्या बाया घरघंटी घेतात, तिच्यावर 'एक एच.पी.' लिहिलेले असते. हा अश्वशक्तीचा हिशेब. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणून ३ अश्वशक्तीचा पंप २.२३८ किलोवॅटचा आणि साडेसातचा ५.५९५ किलोवॅटचा. मोटार प्रत्यक्षात याहून थोडी जास्तच वीज ओढते, कारण काही वीज उष्णतेत जाते. घोड्याच्या ताकदीशी यंत्राची तुलना जेम्स वॅट यांनी रूढ केली आणि त्यांचेच नाव या एककाला द्यावे, असे १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी सुचवले.

वर्तमानपत्रात मात्र मेगावॅट आणि गिगावॅट येतात. इथे आपली खरी पंचाईत होते. ही एकके हजारा-हजाराने चढतात आणि आपण हजारानंतर लाख, मग कोटी असे मोजतो. म्हणून हे पक्के करावे: एक मेगावॅट म्हणजे १० लाख वॅट आणि एक गिगावॅट म्हणजे १०० कोटी वॅट. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. किलोवॅटमध्ये १९ लाख ६० हजार, वॅटमध्ये १९६ कोटी. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे. ते पूर्ण ताकदीने एक तास चालले तर २९ लाख २० हजार युनिटे तयार होतात. 'वर्षाला अमुक मेगावॅट वीज' असे बातमीत छापलेले दिसले तर बातमीदाराने ताकद आणि खर्च यांची खिचडी केली आहे, असे खुशाल समजावे. आणि इंग्रजी अक्षरांचीही गंमत आहे. मोठा 'एम' मेगाचा, लहान 'एम' मिलीचा, म्हणजे हजाराव्या भागाचा. अक्षर चुकले की १०० कोटी पटींचा फरक!

हे सगळे आता सांगायचे कारण छतावरची सौर वीज. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन वा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून वस्तीवस्तीत विक्रेते फिरतात. एकाने आमच्यासमोरच एका कुटुंबाला सांगितले, "तीन किलोवॅट घ्या, रोज तीन हजार युनिट." त्याने वॅटचा आकडाच युनिट म्हणून खपवला. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला साधारण चार युनिटे मिळतात, पावसाळ्यात कमी. म्हणजे तीन किलोवॅटला बारा, महिन्याचे ३६०. त्या कुटुंबाचे बिल महिना ९० युनिटांचे होते. त्यांना एक किलोवॅटच पुरत होता. विक्रेत्याकडून किती युनिटे मिळतील ते लेखी घ्यावे आणि शेजारी मागच्या बारा महिन्यांची बिले मांडावीत.