पैठणीला लागणारी ‘कसर’ येते खिडकीतून

वसई, प्रतिनिधी - लग्नकार्यासाठी कपाट उघडावे आणि जपून ठेवलेल्या पैठणीला बारीक छिद्रे पडलेली दिसावीत, हा अनुभव वसई-विरारच्या गृहिणींना नवा नाही. दोष बहुधा झुरळांना किंवा दमट हवेला दिला जातो. मात्र अनेकदा हे काम ‘अँथ्रेनस’ प्रजातीतील भुंगेऱ्याच्या केसाळ अळीचे असते.

प्रौढ भुंगेरा जेमतेम दोन ते चार मिलिमीटर लांबीचा. तो फुलांतील परागकणांवर जगतो, कापड खात नाही. मादी अंधाऱ्या, अडगळीच्या जागी अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या लोकर, रेशीम, पिसे व केस यांवर महिनोन्महिने पोसल्या जातात. सुती कापडाला त्या सहसा शिवत नाहीत. घामाचे वा अन्नाचे डाग असल्यास मात्र तेही कुरतडतात.

पक्ष्यांची घरटी हे या कीटकाचे नैसर्गिक वसतिस्थान. त्यामुळे सज्जातील किंवा एसीमागील कबुतरांची रिकामी घरटी काढून टाकणे, हा पहिला उपाय ठरतो. रेशमी व लोकरी वस्त्रे स्वच्छ करूनच ठेवावीत आणि अधूनमधून घडी मोडून झटकावीत. लोकरी शाल पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवल्यास अंडी व अळ्या मरतात. संग्रहालयांतही हीच पद्धत वापरतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ घट्ट बंद पेटीतच परिणाम करते. गोळ्या मुलांपासून दूर ठेवाव्यात.

खिडकीच्या काचेवर ठिपकेदार भुंगेरा दिसला, तर कपाट त्याच दिवशी तपासलेले बरे.