सैनिक लहान झाले, नियमांचे काय?

इंग्लिश लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. विषय होता खेळण्यातल्या सैनिकांची लढाई. दोन्ही बाजूंनी सैन्य मांडायचे, आळीपाळीने पुढे सरकवायचे आणि स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी मारून समोरचे सैनिक पाडायचे. एका खेळीत पायदळाने एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट. सैनिकांची उंची असे सुमारे ५४ मिलिमीटर.

हा छंद आजही ब्रिटनमध्ये आणि इतरत्र जोपासला जातो. आता मात्र २८, १५, इतकेच काय ६ मिमी उंचीचेही सैनिक मिळतात. मग खेळणाऱ्यांपुढे प्रश्न येतो : सैनिक निम्मे केले, तर नियमांतली अंतरेही निम्मी करायची का? प्रश्न खेळातला आहे; पण वर्गात उठावाचा नकाशा किंवा सूर्यमालेची प्रतिकृती तयार करणाऱ्या शिक्षकालाही तो टाळता येत नाही.

थोडे गणित करू. माणसाची उंची १.७ मीटर धरली, तर २८ मिमीच्या सैनिकाचे प्रमाण साधारण १:६० येते, १५ मिमीच्या सैनिकाचे १:११३ आणि ६ मिमीच्या सैनिकाचे १:२८३. आता समजा, जुन्या ठासणीच्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला १०० मीटर आहे. १:६० प्रमाणाने तो टेबलावर १६७ सेंमी होईल. टेबलाची रुंदीच १२० सेंमी असेल, तर लढाई सुरू होण्याआधीच दोन्ही सैन्ये एकमेकांच्या माऱ्यात! म्हणून जमिनीसाठी वेगळे प्रमाण घेतात. उदाहरणार्थ, १:१००० घेतले तर पल्ला १० सेंमी होतो आणि डावपेचांना जागा मिळते.

म्हणजे एकाच टेबलावर दोन प्रमाणे नांदतात. त्याची किंमत कोठे मोजावी लागते, ते पाहा. १० मीटर लांबीचे घर सैनिकांना शोभेल असे, १:६० प्रमाणात केले, तर ते १६.७ सेंमी होते. जमिनीच्या प्रमाणात ही जागा १६७ मीटरची! एका घराने अख्खी वाडी व्यापली. हेच घर ६ मिमीच्या सैनिकांजोगे केले, तर ३.५ सेंमी, म्हणजे जमिनीवर ३५ मीटर. विसंगती जवळपास १७ पटींवरून साडेतीन पटींवर आली. तेव्हा सैनिक लहान करून अंतरे तशीच ठेवणे ही चूक नव्हे. उलट त्याने प्रतिकृती सत्याच्या जवळ जाते.

दुसरा रूढ उपाय म्हणजे नियमात जेथे इंच असतील तेथे सेंटिमीटर वाचायचे. अंतरे २.५४ पटींनी कमी होतात आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे साडेसहा पटींनी. लढाई छोट्या टेबलावर मावते. पण जमिनीचे प्रमाण आता १:२५४० झाले. सैनिक १५ मिमीचे असतील, तर विसंगती २५४० भागिले ११३, म्हणजे २२ पटींहून जास्त. पूर्वीपेक्षाही वाढली! हा उपाय ११ मिमीच्या सैनिकांना नेमका लागू पडतो, १५ मिमीच्या नाही.

तिसरा मार्ग भौतिकीच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ (१९९०) या प्रसिद्ध नियमावलीत सैनिकांचे गट आयताकृती पट्टीवर चिकटवतात. १५ मिमीच्या सैनिकांसाठी पट्टीची रुंदी ४० मिमी असते, २५ मिमीच्या सैनिकांसाठी ६० मिमी. तिच्या पुढच्या आवृत्तीत अंतरे ‘इतक्या पट्ट्या’ अशीच मोजली आहेत. इंचही गेला आणि सेंटिमीटरही. उरले केवळ गुणोत्तर. पट्टी कोणतीही घ्या, नियम बदलत नाही.

काही गोष्टी मात्र लहान होतच नाहीत. हाताने मोजताना ३ मिमीची चूक सहज होते. ३० सेंमीच्या चालीत ती एक टक्का, ५ सेंमीच्या चालीत सहा टक्के. फाशांचेही तसेच. प्रत्येक फाशाला यशाची शक्यता निम्मी असेल, तर २४ फाशांत सरासरी १२ यशे मिळतात आणि प्रमाण विचलन सुमारे २.४५, म्हणजे सरासरीच्या २० टक्के. सैनिक लहान म्हणून फासे सहाच घेतले, तर तेच विचलन सरासरीच्या ४१ टक्के होते. नशिबाचा वाटा दुप्पट झाला! वेल्सच्या तोफेपुढे निम्म्या उंचीचा सैनिक ठेवला, तर लक्ष्याचे क्षेत्रफळ पाव होते. नेम पूर्वीइतकाच सोपा राहण्यासाठी तोफही निम्म्या अंतरावर आणावी लागते.

हे सारे पोरखेळ वाटेल; पण प्रशियात १८२४ साली राइसविट्झ या अधिकाऱ्याने असाच खेळ सैनिकी शिक्षणासाठी तयार केला होता. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक खेळी दोन मिनिटांची. मिनिटाला ७५ मीटर चालणारे पायदळ एका खेळीत १५० मीटर, म्हणजे नकाशावर जेमतेम १.९ सेंमी जाणार. त्याने सैनिकांचे बाहुले वापरलेच नाहीत. तुकडी जितकी जागा व्यापते, तितक्याच मापाचे ठोकळे घेतले. देखणेपणा गेला, विसंगती गेली. ज्यांना उद्या खऱ्या माणसांना हुकूम द्यायचे, त्यांना चुकीच्या प्रमाणावर शिकवून चालले नसते.

वर्गातली कोणतीही प्रतिकृती घ्या आणि मुलांना विचारा : यातली कोणती मापे एकाच प्रमाणात आहेत, कोणती नाहीत, आणि का? उठावाच्या नकाशातला डोंगर किती पट उंच दाखवला आहे, हे पट्टीने मोजून मुलांनाच काढू द्या. प्रतिकृतीत थोडे खोटे असणारच. ते नेमके किती आहे, हे ठाऊक असले म्हणजे झाले.