नव्वद फुटीवरचे मोमो आणि ग्रीन करी

मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या दोन दांडग्या स्थानकांच्या मधोमध ठाकुर्ली आहे. जलद लोकल इथे थांबत नाही. त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला ठाकुर्ली ठाऊक असते ती खिडकीतून दिसणारी एक पाटी म्हणून. बाहेर जेवायचं ठरलं की ठाकुर्लीकर आजवर डोंबिवलीचा फडके रोड तरी गाठायचे, नाहीतर रिक्षाने कल्याणला जायचे. गेल्या काही वर्षांत मात्र उलटी वर्दळही दिसू लागली आहे. डोंबिवलीची कॉलेजची मुलं आणि कल्याणची कुटुंबं संध्याकाळी ठाकुर्ली पूर्वेच्या नव्वद फुटी रस्त्याकडे वळतात, आणि त्यांतले बरेच जण येतात ते वडापाव किंवा मिसळीसाठी नव्हे, तर वाफाळत्या मोमोंसाठी.

या रस्त्यावरच्या खाण्याची ओळख करून घ्यायची तर आधी गावाची करून घ्यायला हवी.

पॉवर हाऊस ते टॉवर

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून गाड्या ठाकुर्लीच्या हद्दीतून जात आहेत. गावाला खरं महत्त्व आलं ते १९२९ साली. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेने मुंबईच्या गाड्या विजेवर चालवण्यासाठी इथे कोळशावरचं वीजकेंद्र उभारलं. जुने लोक त्याला आजही ‘चोळा पॉवर हाऊस’ म्हणतात. शेजारच्या चोळेगावावरून पडलेलं हे नाव. रेल्वेची वसाहत, कामगारांच्या चाळी आणि भोवतीची चोळेगाव, कांचनगाव, खंबाळपाडा ही जुनी गावं मिळून ठाकुर्ली झाली. पॉवर हाऊस १९८०च्या दशकात बंद पडलं. कामगारांच्या गावाचं हळूहळू नोकरदारांचं उपनगर झालं.

कल्याण-डोंबिवलीला जोडणारा, रेल्वेला समांतर जाणारा नव्वद फुटी रस्ता हे या नव्या ठाकुर्लीचं तोंड. त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिले. त्यांत राहायला आलेली जोडपी बहुतेक दोघंही नोकरी करणारी. सातची लोकल पकडून निघायचं आणि रात्री आठ-साडेआठला परतायचं, असा दिवस. दारात आलं की कुकर लावायचं त्राण नसतं. म्हसोबा चौकाच्या परिसरातल्या खाण्याच्या गाड्या आणि टॉवरच्या तळमजल्यावरची छोटी हॉटेलं या गरजेतून वाढली. महापालिका अधूनमधून गाड्यांवर कारवाई करते, काही दिवसांनी गाड्या परत उभ्या राहतात. हाही या रस्त्याचा नित्यक्रम.

एकाच कार्डावर तीन देश

या रस्त्यावरच्या, आणि खरं तर ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या, बिनथाटाच्या हॉटेलांत एक नवं मेनूकार्ड रुळतं आहे. पहिल्या पानावर मोमो आणि थुक्पा. मधल्या पानावर ग्रीन करी, रेड करी, पॅड थाई. शेवटच्या पानावर पनीर टिक्का, दाल खिचडी, बिर्याणी. मध्ये कुठेतरी शेजवान भात आणि मंचुरियन असतातच. टेबलं पाच-सहा, पंखे भिंतीवरचे, पाण्याचा जग स्टीलचा. वेटरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘स्टीम की फ्राय?’

हे कार्ड असं का बनतं, ते टेबलावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं की कळतं. आजीला खिचडी हवी असते, बाबांना ‘काहीतरी झणझणीत’, नातवाला मोमो आणि आईला रोजच्यापेक्षा वेगळं काहीही चालतं. गुरुवार, संकष्टी, श्रावण हे दिवस पाळणाऱ्या घरांना शाकाहारी पर्याय लागतो. बुधवार, शुक्रवार, रविवारी त्याच घरातून चिकनची ऑर्डर येते. कोणत्याही एका देशाच्या स्वयंपाकाला हे सगळं जमणार नाही. तिघांना मिळून जमतं.

मोमो : हिमालयापलीकडून दिल्लीमार्गे

मोमो मूळचा तिबेटचा, आणि काठमांडूच्या खोऱ्यातही तो फार पूर्वीपासून आहे. तिबेटच्या पठारावर भाजीपाला जेमतेम पिकतो. त्यामुळे तिथलं सारण याक किंवा मेंढीच्या मांसाचं. त्यात कांदा, आलं, मीठ एवढंच. गरम मसाला नाही, कोबी नाही. सोबत ‘सेपेन’ ही सुक्या मिरचीची झणझणीत चटणी.

मार्च १९५९मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित. त्यांच्यासाठी देशभर वसाहती उभ्या राहिल्या. कर्नाटकातलं बायलाकुप्पे आणि मुंडगोड, दिल्लीतला मजनू का टीला ही नावं अनेकांना माहीत आहेत. अशी एक वसाहत महाराष्ट्रातही आहे, हे मात्र पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली ‘नोरग्येलिंग’ ही ती वसाहत. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. भाताच्या शेतांच्या आणि जंगलाच्या त्या मुलुखात आज निर्वासितांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या आहेत. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरचे ठेले लावणारे तिबेटी व्यापारी आपण लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्याकडून आपण लोकर घेतली. त्यांच्या घरात काय शिजतं हे विचारायला मात्र बराच उशीर झाला.

रस्त्यावरचा मोमो आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः दिल्ली आणि ईशान्य भारताच्या वाटेने. नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीमकडच्या तरुणांनी तो शहरोशहरी नेला. वाटेत तो पुष्कळ बदलला. सारणात कोबी-गाजर आलं, मग पनीर, मग मका आणि चीज. लाल चटणीत टोमॅटो आणि भरपूर लसूण पडला. बाजूला मेयोनीजची वाटी आली. मोमो तंदुरात गेला, शेजवान सॉसमध्ये घोळला गेला. यांतला एकही अवतार ल्हासाच्या माणसाला ओळखू येणार नाही. पण ठाकुर्लीच्या मुलासाठी मोमो हाच.

चांगला मोमो ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. उकडीच्या मोदकाची पारी नीट वळता येणाऱ्या कुणालाही त्या पटकन समजतील : कडा पातळ, तळ किंचित जाड, चुण्या सारख्या, आणि वरचं तोंड घट्ट मिटलेलं. मैदा नुसत्या पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवलेला असला की पारी पातळ लाटता येते. मोमो फोडल्यावर आत थोडा रस सुटलेला दिसला पाहिजे. पारी दाताला चिकटली, तर तो संध्याकाळपासून भांड्यातच वाफेवर पडून आहे असं समजावं. गिऱ्हाइकांची वर्दळ असलेल्या ठिकाणीच मोमो खावेत, ते याचसाठी.

थुक्पा मात्र आपण बिघडवला. हे हाडांच्या किंवा भाज्यांच्या पातळ, स्वच्छ रश्शातले नूडल्स. पोट भरणारं आणि अंग शेकणारं असं एका वाडग्यातलं जेवण. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यात कॉर्नफ्लोअर कालवून ‘चायनीज सूप’ करून टाकतात. पावसाळ्यात ठाकुर्लीत पातळ रश्शाचा थुक्पा मिळाला, तर ते हॉटेल सोडू नये.

थाई : परसातलं, पण पाकिटातून

मुंबईत थाई जेवणाची ओळख पंचतारांकित वाटेने झाली. कफ परेडच्या ‘प्रेसिडेंट’ हॉटेलात १९९३ साली ‘थाई पॅव्हेलियन’ सुरू झालं आणि शेफ आनंद सॉलोमन यांनी ग्रीन करीची चव इथल्या हौशी खवय्यांना लावली. पुण्यात कोरेगाव पार्कला १९९७मध्ये सुरू झालेल्या ‘मलाका स्पाइस’ने आग्नेय आशियाचं जेवण मोकळ्या, घरगुती वातावरणात आणलं. तिथून उपनगरात उतरायला थाई जेवणाला आणखी काही वर्षं लागली. टेट्रापॅकमधलं नारळाचं दूध आणि बरणीतली तयार करी पेस्ट किराणा दुकानात मिळू लागली, तेव्हा छोट्या हॉटेलांना धीर आला.

नेमकी इथेच गोची आहे. थाई करीचा जीव तिच्या ताज्या वाटणात असतो. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबिरीची मुळं, गवती चहा, कुलिंजन आणि खरबरीत सालीच्या लिंबाची साल हे सगळं खलबत्त्यात कुटतात. मग नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात ते वाटण परततात आणि त्यानंतर पातळ दूध घालतात. कोकणी घरातल्या कुणालाही यातली एकही पायरी परकी वाटू नये. गवती चहा आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत असतो. कुलिंजन आयुर्वेदिक दुकानात मिळतं. थाई तुळस ज्या जातीची, त्याच जातीच्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो. पॅड थाईत चिंच, ताडगूळ आणि शेंगदाणे. मसामान करीत तर दालचिनी, वेलदोडा, लवंग, जायफळ. भारत आणि इराणकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांची ती खूण मानली जाते.

एवढं सगळं हाताशी असून ठाकुर्लीतली ग्रीन करी बहुधा बरणीतून येते. तिला हिरवा रंग असतो, गोडवा असतो, नारळ असतो, सुगंध नसतो. कधी ती घट्ट करायला पुन्हा कॉर्नफ्लोअर, कधी आंबटपणाला व्हिनेगर. मोमोच्या बाबतीत इथल्या आचाऱ्यांनी धीटपणे स्वतःचं काही केलं. थाईच्या बाबतीत ते अजून पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे संकोचून आहेत. खरं तर उलट व्हायला हवं होतं, कारण दोन्हींपैकी आपल्या मातीला जवळचा स्वयंपाक थाईचा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. थाई पेस्टमध्ये पुष्कळदा सुकवलेल्या कोळंबीचा गोळा असतो आणि पॅड थाईत माशांचा सॉस. भाज्या घातल्या म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. बरणीवरचा हिरवा ठिपका पाहायला मागितला तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

इंडियन पान : उगीच नाही

खवय्ये या तिसऱ्या पानाला नाक मुरडतात. पण हॉटेलाचा गल्ला बऱ्याचदा तेच पान सांभाळतं. शिवाय ‘इंडियन’ची व्याख्याही एव्हाना सैल झाली आहे. नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आज त्याला चिनी म्हणणं धाडसाचं ठरेल. चायनीज भेळ तर मुंबईचीच. मोमोही याच वाटेवर आहे. आणखी वीस वर्षांनी तो शेवटच्या पानावर, बिर्याणीच्या वर छापलेला दिसला तर आश्चर्य वाटू नये.

मात्र मंचुरियनसारख्या लालभडक पदार्थांच्या बाबतीत सावध राहिलेलं बरं. कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणावरून गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनवर बंदी आणली. मार्च २०२४मध्ये कर्नाटक सरकारने त्यातल्या कृत्रिम रंगांना मनाई केली. चटणी मिरचीमुळे लाल असेल तर ती गर्द, थोडी तपकिरी दिसते. बोटाला गुलाबी डाग पडला, तर ती बशी बाजूला सारावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का, एवढं पाहायलाही क्षणभरच लागतो.

जायचं कसं, मागायचं काय

धिम्या लोकलने ठाकुर्लीला उतरून पूर्वेला बाहेर पडावं. नव्वद फुटी रस्ता चालत किंवा रिक्षाने गाठता येतो. कल्याणकडून येणाऱ्यांना पत्रीपुलाची बाजू सोयीची. जुना ब्रिटिशकालीन पूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला गेला तेव्हा या भागातल्या वाहतुकीचे हाल झाले होते; जानेवारी २०२१मध्ये नवा पूल खुला झाल्यापासून ती वाट सुधारली. तरी गाडी घरीच ठेवावी. रविवारी संध्याकाळी उभी करायला जागा मिळत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने वाफेवरचे साधे मोमो मागवावेत, मेयोनीजशिवाय. त्यानंतर थुक्पा, आणि तो ‘पातळ ठेवा’ असं सांगून. थाई मागवायचं तर पॅड थाईपासून सुरुवात करावी; चिंच-गूळ-शेंगदाण्याची चव आपल्याकडच्या आचाऱ्याच्या हाताला लवकर बसते. तिसऱ्या पानावरचं काय घ्यायचं ते आजीला ठरवू द्यावं.

माझा कौल असा : मोमो उत्तीर्ण, थुक्पा काठावर, करी नापास, पण सुधारण्याजोगी. हॉटेलवाल्यांना एवढंच सांगणं, की पुढची बरणी उघडण्याआधी दाराशी गवती चहाची एक कुंडी लावा आणि वाटण ताजं करा. आणि खाणाऱ्यांनीही ‘यात गवती चहा आहे का?’ असं विचारायला सुरुवात करावी. गिऱ्हाईक विचारू लागलं की आचारी घालू लागतो. मोमोची लाल चटणी ठाकुर्लीत अशीच तिखट होत गेली.