शिकारी रायफल आणि तिची नळी

बंदूक ओळखावी ती नळीवरून, ही समजूत आपल्याकडे फार जुनी असून तिला ग्रंथाधारहि आहे. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरी ग्रंथांत बादशाही बंदुकांचें स्वतंत्र प्रकरण आहे. लोखंड कोठील, कारागीर कोण, बंदूक कोठें व केव्हां झाली, तिचा क्रमांक काय, हें सर्व नळीवर कोरीत असें त्यांत सांगितलें आहे. अकबराच्या खास बंदुकांत 'संग्राम' ही अग्रगण्य. तिनें मारलेलीं १०१९ जनावरें दप्तरीं नोंदलेलीं होतीं. अशा तोड्याच्या बंदुकीचा दस्ता मोडला तर दुसरा बसवितां येई. नळी गेली कीं बंदूकच गेली.

विलायती शिकारी रायफलीस हा न्याय जसाचा तसा लागू पडत नाहीं. जुन्या घराण्यांतून अशी रायफल संग्रहीं आली म्हणजे 'नळी खराब दिसते, बदलून घ्यावी काय?' अशी पृच्छा होते, म्हणून थोडें विवेचन करतों.

१८९८ सालच्या मौझर रचनेंत बोल्ट ज्या पोलादी कवचांत सरकतो, त्याच्या पुढील तोंडांत नळी आट्यांनीं फिरवून बसविलेली असते. दारूचा दाब सोसतो तो बोल्ट आणि हें कवच. नळी हा झिजणारा भाग. यास्तव रायफल निवडतांना काडतूस आज मिळतें कीं नाहीं हें सर्वांच्या आधीं पाहावें, मग कवच व बोल्ट, मग दस्ता, आणि नळी शेवटीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर आपल्या देशांत शौकाची शिकार उरली नाहीं. तेव्हां हा क्रम जर्मनी, स्कॉटलंड यांसारख्या, शिकार विधिमान्य असलेल्या देशांतील गिऱ्हाइकाचा समजावा. आपल्या संग्राहकाचा क्रम निराळा, तो पुढें सांगूं.

नळी दोन प्रकारें बिघडते. पहिला प्रकार झिजेचा. निर्धूम दारूच्या उष्ण वायूंनीं काडतुसाच्या कोठीपुढील चऱ्यांचीं मुखें भाजून निघतात. पहिल्या कॉर्डाइटांत नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के असे; ती दारू फार दाहक ठरल्यामुळें १९०१ च्या सुमारास तें प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यांत आलें. तथापि वर्षाकांठीं वीस-तीस बार काढणाऱ्या शिकाऱ्याच्या हातून नळी झिजून जाणें जवळजवळ अशक्य. मध्यम मापाची नळी कांहीं हजार बार सोसते. दुसरा प्रकार गंजाचा, आणि आमच्याकडील नळ्यांचा खरा वैरी तोच. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचें क्लोराइड होऊन नळींत राही, व तें मिठाप्रमाणेंच ओलावा ओढी. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून जाणते शिकारी मुक्कामीं येतांच नळींत कढत पाणी ओतीत, ती कोरडी पुशीत, व मगच तेल लावीत. नुसतें तेल लावून रायफल खुंटीस टांगली कीं एका पावसाळ्यांत नळीच्या आंत देवीचे व्रण उठलेच.

गोळी चुकते म्हणून नळीस दोष देण्याचीहि घाई करूं नये. तोंडाची कड ठेंचलेली असते, दस्त्याचे स्क्रू सैल झालेले असतात, लाकूड फुगून नळीस एका अंगानें रेटीत असतें, किंवा आंत तांब्याचा थर सांचलेला असतो. हीं कारणें दूर करूनहि नेम जुळत नसेल तरच बदलाचा विचार करावा. कवच उत्तम असेल तर एकनळी बोल्ट-रायफलीस नवी नळी घालणें फायद्याचें. मात्र कोठीची खोली बोल्टाशीं तंतोतंत जुळवावी लागते व जादा दाबाच्या बारानें परीक्षा घ्यावी लागते. जोडनळीच्या रायफलीचें तसें नाहीं. दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणीं पडाव्या म्हणून तिच्या नळ्या बार काढकाढून जुळविलेल्या व सांधलेल्या असतात. त्या बदलण्याचा खर्च दुसऱ्या रायफलीच्या किंमतीशीं स्पर्धा करतो. तेथें आमचें मत स्पष्ट 'नको' असें आहे.

आतां संग्राहकाविषयीं. त्याच्या दृष्टीनें रायफल हें साधन नसून कागद आहे. व्रण पडलेली नळी हाहि पुरावाच. इशापूरच्या सरकारी कारखान्याची ०.३१५ ची शिकारी रायफल घ्या. तिचें कवच ली-एन्फील्डचें, नळी मात्र ०.३०३ ची नाहीं. कोणी म्हणेल, नळी मागाहून बदलली. वस्तुतः लष्करी मापाचें हत्यार प्रजेच्या हातीं जाऊं नये या ब्रिटिश सरकारच्या धोरणामुळें हें निराळें माप आलें, व ही रायफल कारखान्यांतूनच तशी निघते. उलट पोलीस-पहाऱ्यासाठीं थ्री-नॉट-थ्रीच्या नळ्या आंतून कोरून ०.४१० च्या गुळगुळीत केल्या गेल्या. या खुणा पुसल्या तर राज्यकर्त्यांच्या भीतीचा एक दाखला पुसला जाईल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांस मिळालेली रिग्बीची ०.२७५ ची रायफल ओळखली जाते ती दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवरून. अशा वेळीं लाकूडहि पोलादाइतकेंच जपावें लागतें.

'जीर्णोद्धार' शब्दांत उद्धार आहे, म्हणजे वर काढणें. पाडून नवें उभारणें नव्हे. जीर्ण पोथीचें पान नव्यानें लिहून घातलें तरी जुनें पान कोणी चुलींत घालीत नाहीं. तोच नियम येथें लावावा. नळी बदललीच तर जुनी जपून ठेवावी, तिच्यावरील क्रमांक व छाप टिपून तें टिपण रायफलीसंगें ठेवावें. मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें सुटे भागहि शस्त्रांतच मोडतात, आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेंच करावयाची असते. तेव्हां काढलेल्या नळीविषयीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस आधीं विचारून घ्यावें.