क्षणभर गेलेला दिवा

वळिवाच्या दिवसांत तिन्हीसांजेस आभाळ भरून येतें, दूर कोठेंतरी कडकडाट होतो आणि देवघरांतला विजेचा दिवा जातो न जातो तोंच परत येतो. नगर जिल्ह्यांतील, २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतील, वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. घड्याळ फिरून लावण्यापलीकडे आपण त्याचा विचारही करीत नाहीं. परंतु दिव्याच्या या मिचकण्यामागें पुष्कळदां एक यंत्र असतें, व त्यानें तेवढ्या क्षणांत एक निर्णय घेतलेला असतो.

राहाता तालुक्यांत बाभळेश्वर येथें महापारेषण कंपनीचें ४०० किलोव्होल्टचें, म्हणजे चार लक्ष व्होल्टचें, उपकेंद्र आहे. घरांतल्या २३० व्होल्टशीं ताडून पाहिल्यास या दाबाची कल्पना येईल. येथून निघालेल्या तारा सह्याद्रि ओलांडून पडघ्यास जातात व मुंबईच्या बाजूस वीज पोंचवितात. एवढ्या लांबच्या उघड्या तारांवर बिघाड व्हावयाचेच. पण दहांतील सात-आठ क्षणिक असतात. आकाशांतली वीज पडते आणि तारेवरून मनोऱ्याकडे ठिणगीची कमान झेपावते. तेथली हवा तापून स्वतःच प्रवाह वाहूं लागते, म्हणून आकाशांतली वीज विझली तरी कमान विझत नाहीं. उपाय एकच : तारेंतला प्रवाह तोडावयाचा, हवा निवूं द्यावयाची, आणि मग जोडावयाचा. रिले नांवाचा पहारेकरी बिघाड ओळखतो, ब्रेकर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आंत तार तोडतो, आणि सुमारें एक सेकंद थांबून पुन्हां जोडतो. मोठ्या वाहिन्यांवर तर तिहींपैकीं बिघडलेली तेवढीच तार तोडण्याची सोय असते. आम्हांस कौतुक वाटतें तें त्या थांबण्याचें. घाईनें जोडल्यास कमान पुन्हां पेटावयाची. जोडल्यावरही बिघाड कायम दिसला, तर यंत्र हट्ट धरीत नाहीं. तें उघडें राहतें व पुढचें काम माणसावर सोंपवितें.

जेथें उपकेंद्रास दोन बाजूंनीं वीज येते, तेथें एक बाजू मेली कीं दुसरी आपोआप जोडण्याची योजना करतां येते. तींतही मेलेली बाजू खरोखर तोडली गेली आहे काय, हें आधीं पाहावें लागतें. नाहींतर धडधाकट बाजूच नेऊन बिघाडावर घालावयाची.

हेंच पथ्य घरालाही लागू आहे, आणि तेथें तें पाळलें जातेंच असें नाहीं. लग्नकार्यांत आपण हौसेनें जनरेटर आणतों. चेंजओव्हर खटका न बसवितां तो घरच्या तारांस जोडला, तर त्याची वीज उलट रस्त्यावर जाते. आणि जो ट्रान्स्फॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरांत आणतो, तोच तिला पुन्हां ११,००० वर चढवितो. वीज बंद आहे अशा समजुतीनें खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातीं ती येते. उपकेंद्रांत त्याच्यासाठीं खटके कुलूपबंद केलेले असतात, आपोआप जोडणी रोखलेली असते, लेखी परवाना दिलेला असतो. आपल्या अंगणांतला जनरेटर त्या परवान्यांत लिहिलेला नसतो. तार जमिनीशीं जोडल्याखेरीज तीस हात लावूं नये, हा त्याचा नियम अशा अनोळखी विजेसाठींच आहे.