कथा : पुरावा की कायदा? कॅनडातील आदिवासी विधिपरंपरांचे अध्यापन

लिखित संहिता नाही तेथे कायदा नाही, हे गृहीतक वसाहतकालीन प्रशासनाने अनेक ठिकाणी रूढ केले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींचा ‘पॉटलॅच’ त्याचा बळी ठरला. परक्यांना तो मेजवानीचा व दानाचा सोहळा वाटे. वस्तुतः नावे, पदे व त्यांना जोडलेले हक्क साक्षीदारांसमक्ष प्रदान करणारी ती विधिसंस्था होय. १८८४ मध्ये कायद्याने घातलेली बंदी १९५१ पर्यंत टिकली.

डेल्गामूक खटल्यात १९९१ च्या निकालाने गिटक्सान व वेट्सुवेटेन जमातींच्या मौखिक इतिहासाला स्वतंत्र महत्त्व नाकारले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक सुधारून त्याला लिखित दस्तऐवजांच्या बरोबरीने स्थान देण्याचा निर्णय दिला. हा निर्णय मोलाचा खराच. तथापि त्यातही कथा ‘पुरावा’च राहिली, ‘कायदा’ झाली नाही. (आपल्याकडेही रूढी शिकविताना ती प्राचीन, निश्चित व वाजवी असल्याचे सिद्ध कसे करावे, यावरच भर असतो, तिच्यातील तर्क क्वचितच तपासला जातो.)

हे अंतर ओलांडण्याचा प्रयत्न व्हिक्टोरिया विद्यापीठात दिसतो. व्हॅल नेपोलियन यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तेथे आदिवासी विधिसंशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील पद्धती परिचित आहे : विद्यार्थी निवाडा वाचतो तशी कथा वाचतो. पेच कोणता, निर्णय कोणी व कसा घेतला, त्यामागील कारण उक्त की अनुक्त, हे प्रश्न अनेक कथांना विचारून तत्त्वांची मांडणी केली जाते. ती पुन्हा समाजातील ज्येष्ठांपुढे पडताळणीसाठी ठेवली जाते. माझ्या मते पद्धतीचा प्राण या अखेरच्या पायरीत आहे. ती वगळल्यास उरते ते केवळ लोकसाहित्याचे संकलन.

सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये आदिवासी विधिसंस्थांच्या स्थापनेची शिफारस केली. २०१८ मध्ये याच विद्यापीठात कॅनेडियन कायदा व आदिवासी कायदा यांची चार वर्षांची संयुक्त पदवी सुरू झाली. जॉन बरोज यांचे लेखन या अभ्यासक्रमाचा वैचारिक आधार होय. विद्यार्थ्यांना काही काळ प्रत्यक्ष समाजात जाऊनही शिकावे लागते.

आक्षेप आहेतच. इंग्रजी निवाड्याच्या साच्यात बसविताना कथेची भाषा, प्रसंग व सांगणाऱ्याचा अधिकार सुटण्याचा धोका संभवतो. दुसरीकडे, परंपरेला निर्दोष मानण्याचा मोहही घातक आहे. नेपोलियन यांची भूमिका येथे रोखठोक आहे : जो कायदा आहे, त्याच्यावर वाद घालता आला पाहिजे, स्त्रियांच्या स्थानाविषयीचे प्रश्नही त्याला विचारता आले पाहिजेत.